डोक्यावरचे टिंब

हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या शीर्षकातील 'क्षा'वरचे टिंब एम. ए.च्या वर्गात हटकून मुद्रणदोष ठरते. अमरावती-अकोल्याच्या वर्गांतून आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. दोष विद्यार्थ्यांचा नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले आणि 'नांव', 'पांच', 'दांत' हे शब्द बोडके झाले.

फ्रेंच लेखनात काही स्वरांवर टोपीसारखे चिन्ह येते. अरण्याला फ्रेंचमध्ये 'फोरे' म्हणतात. त्यातील 'ए'वरची टोपी ही तेथून लोपलेल्या 'स'ची खूण. इंग्रजी 'फॉरेस्ट'मध्ये तो अजून ऐकू येतो. 'दांत'वरच्या टिंबाचे कामही हेच होते. 'दन्त'मधला 'न' गेला, खूण राहिली. अकोल्याच्या बाजारात हिंदी 'पाँच' रोज कानी पडते. 'पञ्च' आणि 'पाच' यांमधला दुवा तेथेच आहे, पण तो वर्गात कोणी दाखवत नाही.

शिवाय हे टिंब व्याकरणही सांगे. 'ते' म्हणजे ती माणसे, 'तें' म्हणजे ती वस्तू. 'मी' प्रथमेतला, 'मीं' तृतीयेतला. फ्रेंचमध्येही 'ऊ' या एकाच उच्चाराचा अर्थ चिन्हाविना 'किंवा' आणि चिन्हासह 'कुठे' असा होतो. १९९०च्या फ्रेंच सुधारणेने 'इ' आणि 'उ' या स्वरांवरची टोपी बहुतांशी ऐच्छिक केली (२०१६ साली ती पाठ्यपुस्तकांत येणार म्हणताच केवढा गदारोळ झाला!), पण अर्थभेद करणारी टोपी राखली. आपण 'तें'बाबत एवढा विवेक दाखवला नाही.

टिंबे परत आणा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. जुन्या 'घरांत'वरून घर एक की अनेक हे कळत नसे. 'घरात' आणि 'घरांत' हा भेद नव्या नियमांचीच देणगी आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हांला जुना कारभार झेपणारही नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्यांत ही टिंबे मुकाट्याने पुसली जातात आणि प्रस्तावनेत त्याची साधी नोंदही नसते. महानुभावांचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातले. पोथ्यांतील पाठभेद शिकवणाऱ्या आपल्या विभागांनी एखाद्या तासाला एकाच कादंबरीची १९६२पूर्वीची आणि नंतरची आवृत्ती शेजारी ठेवावी, आणि विद्यार्थ्यांना पहिल्या पानावरची गळलेली टिंबे मोजायला सांगावीत.