अवधान कोणाला दिले?

माउली, राग मानू नका, पण विचारतो. कीर्तनात मोबाइल वर धरून बसता, ते कोणासाठी? ‘घरी जाऊन निवांत ऐकू’ म्हणता. किती जणांनी ऐकले? आमच्या खापरखेड्यात १३४० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे, मोबाइल चार्ज करायला विजेची वाण नाही. वाण आहे ती कानांची.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानोबाराय श्रोत्यांकडे काय मागतात? अवधान. तेवढे द्या म्हणतात आणि पुढच्या सुखाची ग्वाही देतात. माउलींनी जे मागून घेतले, ते आपण काचेच्या तुकड्याला फुकट देतो.

दोष एकट्या श्रोत्यांचा नाही. नारदांच्या गादीवर उभे राहून कीर्तनकारच कॅमेऱ्याकडे बघू लागले. विनोदाचा तुकडा फिरतो ना! मीही त्यातलाच. शेवटच्या वर्षी एका एकादशीला कॅमेरा दिसला, त्याच्याकडे बघत राहिलो आणि तोंडपाठ प्रमाण विसरलो. मृदंगवाल्याने वाजवणे लांबवून सांभाळून घेतले. घरी येऊन जेवलो नाही.

सप्ताहात पहाऱ्यावरचा विणेकरी दुसरा आल्याशिवाय वीणा उतरवत नाही. परवा एकाच्या गळ्यात वीणा पाहिली आणि हातात मोबाइल. मी म्हटले, बाबा, तो पिशवीत ठेव. तर म्हणतो, “महाराज, महत्त्वाचा फोन यायचा आहे.”