पहिल्या आठ दिवसांतल्या सिस्टर



आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचा जन्म हॉलंडमधला. त्यांना पहिली अंघोळ घालताना आईबाबांच्या शेजारी बहुधा एक डच बाई उभी होती, तुमच्याच घरी, बाही वर सारून. तिचे नाव काय होते? आम्ही ओळखीच्या दोन-चार घरी विचारले. बाळाचे जन्मवजन, जन्मवेळ, बारशाला कोणी काय दिले, सगळे तोंडपाठ होते. त्या बाईचे नाव मात्र एकाही घरी आठवेना. आमच्या मते हे बरे नाही.

आमच्या घरी यंदाच दुसरे बाळ आले, त्यामुळे सगळे ताजे आहे. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. सव्वा महिना शेक-शेगडी, तेल लावणे, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. रायस्वाइकहून माहेर सात-एक हजार किलोमीटर दूर. या देशाने त्यावर स्वतःची व्यवस्था केली आहे, तिला क्रामझोर्ख म्हणतात. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस एक शिकलेली परिचारिका रोज काही तास घरी येते. विमा बहुतेक खर्च उचलतो, थोडा वाटा आपला. ती बाळाचा ताप पाहते, वजन करते, दूध कसे पाजावे ते शिकवते, बाळंतिणीची तपासणी करते आणि सगळे वहीत लिहून ठेवते. पाहुणे जास्त वेळ बसले तर त्यांना उठवतेही! (हे काम आपल्याकडे कोणाला जमले असते, सांगा.)

आमच्याकडे आलेल्या सिस्टर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी बाळाला खिडकीपाशी नेले आणि नाकाच्या शेंड्यावर बोटाने हलकेच दाबून पाहिले. मग डोळ्यांतला पांढरा भाग आणि हिरड्या पाहिल्या. आम्हांला बाळ शांत झोपाळू वाटत होते, आणि शांत बाळ मिळाले म्हणून आम्ही खूशही होतो. त्यांना ते जास्तच झोपाळू वाटले. गोऱ्या बाळाची कावीळ लगेच दिसते. आपल्या सावळ्या बाळांची कातडीवर चटकन उमगत नाही, म्हणून डोळे आणि हिरड्या पाहायच्या, असे त्यांनी नंतर समजावले. त्यांनी सुईणबाईंना फोन केला, रक्त तपासले गेले आणि संध्याकाळी आम्ही इस्पितळात होतो.

नवजात बाळांना थोडी कावीळ पुष्कळदा होते आणि आपोआप जाते. रक्तातल्या बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या द्रव्यामुळे ती दिसते. बाळाचे यकृत अजून नवखे असते, त्याला ते सगळे निपटता येत नाही. पण ते फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. उपाय म्हणाल तर साधा आहे. बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवायचे. उजेडाने त्या द्रव्याचे रूप बदलते आणि ते शरीराबाहेर जाऊ शकते. आमचे बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून दोन रात्री त्या दिव्याखाली होते. समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या टूरिस्टासारखे दिसत होते, असे ताईचे मत.

त्या दोन रात्री ज्या सिस्टर होत्या, त्यांतल्या एकीने पहिल्यांदा काय विचारले असेल? बाळाच्या नावाचा उच्चार. आपले बारसे बाराव्या दिवशी, पण इथल्या नगरपालिकेला तीन दिवसांत नोंद लागते, त्यामुळे नाव ठरलेले होते. तिने ते तीन-चारदा म्हणून पाहिले आणि डच वाचणाऱ्याला जमेल अशा अक्षरांत पाळण्यावरच्या कार्डावर लिहिले. सकाळी आलेल्या सिस्टरनेही नीट उच्चार केला. पहाटे तीन वाजता आपल्या बाळाला कोणी नावाने हाक मारते आहे, हे ऐकून आईला रडू आले. मग तिला झोपायला पाठवण्यात आले, तेही जरा दरडावूनच.

या निळ्या दिव्यामागची गोष्ट मुलांना आवडेल. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. चांगली हवा असली की त्या नाजूक बाळांना बाहेर अंगणात उन्हात नेत. 1956 साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. अंगाचा पिवळेपणा उतरला होता, फक्त एक तिकोनी तुकडा गडद पिवळा राहिला होता. तिथे चादरीचे टोक पडले होते! डॉक्टरांनी पुढे प्रयोग केले आणि 1958 साली ते लॅन्सेट या साप्ताहिकात छापून आले. त्या लेखावर नावे तीन संशोधकांची आहेत. (आपल्या आज्या बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसतात, ते आठवले ना? पण वाढलेल्या काविळीला ऊन पुरत नाही, दिवाच लागतो.)

महाराष्ट्रातही असेच घरी येऊन पाहणारे हात आहेत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवले. 1999 साली त्यांचा अभ्यास त्याच लॅन्सेटमध्ये आला. ज्या 39 गावांत हे काम झाले, तिथे नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे भारत सरकारने आशाताईंमार्फत हीच पद्धत देशभर नेली.

आता थोडे कडू बोलतो. "आजी येणार आहेत, मग परक्या बाईला घरात कशाला?" असे म्हणून आपल्यातली काही कुटुंबे हे तास नाकारतात किंवा कमीत कमी घेतात. आम्हांला हे पटत नाही. आजीचे काम वेगळे आणि सिस्टरचे वेगळे. आमच्या आजींचे आणि सिस्टरचे बालघुटीतल्या मधावरून वाजलेच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, यावर सिस्टर ठाम होत्या, आणि त्यांचेच बरोबर होते. मालिशीला मात्र त्या स्वतः खुर्ची ओढून पाहायला बसल्या. काही घरांत या बाईंना मोलकरणीसारखे वागवल्याचेही कानावर येते. ते आणखी वाईट.

पेढ्यांचा डबा द्यावाच, आम्हीही दिला. पण त्यांच्या संस्थेला चार ओळींचे पत्रही पाठवावे आणि त्यात नाव घेऊन, त्यांनी नेमके काय पाहिले ते लिहावे. बाळाच्या अल्बममध्ये त्यांचा फोटो लावावा, खाली नाव घालावे. आमच्या ताईने पत्र डचमध्ये लिहिले आणि शेवटची ओळ हट्टाने मराठीत.

ज्यांच्या घरी नवा पाहुणा येणार आहे त्यांना एक सांगणे: अलीकडे या सिस्टर कमी पडू लागल्या आहेत. नावनोंदणीचा फोन तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच करा, आजींचे तिकीट काढायच्या आधी.