डाउट घेताय? जरा थांबा!

केटीएचएम कॉलेजपासून जेहान सर्कलपर्यंत गंगापूर रोडवर एक चक्कर मारा. 'डाउट' हा शब्द हमखास कानावर पडेल. क्लासमधली पोरं 'सर, एक डाउट आहे' म्हणतात. कट्ट्यावर कुणीतरी 'ती माझ्यावर डाउट घेते यार' म्हणून रडत असतो. सगळ्यांना सगळं कळतं, नो प्रॉब्लेम. प्रॉब्लेम सुरू होतो तो ऑफिसच्या मेलमध्ये.

इथल्याच माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट. क्लायंट हातचा जाणार, याचा तिला वास आला. तिने लंडनच्या बॉसला लिहिलं, 'आय डाउट द क्लायंट विल लीव्ह.' बॉसने वाचलं, 'क्लायंट जाईल असं मला वाटत नाही.' झालं, साहेब निवांत! कुणी साधा फोनही केला नाही. महिन्याभरात क्लायंट गेला आणि अप्रेझलमध्ये 'आधी का नाही सांगितलंस?' हे तिलाच ऐकावं लागलं.

तिला म्हणायचं होतं 'सस्पेक्ट'. फंडा सिंपल आहे. डाउट म्हणजे 'तसं नसावं', सस्पेक्ट म्हणजे 'तसंच असावं'. अर्थ चक्क उलटे!

गोची अशी, की आपली 'शंका' दोन्हीकडे चालते. पण मराठी इतकीही भोळी नाही. 'तो येईल याबद्दल शंका आहे', हा डाउट. 'तो येणार नाही अशी शंका आहे', हा सस्पेक्ट. तेव्हा मेल टाइप करण्याआधी वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणा. 'याबद्दल' आलं तर डाउट, 'अशी' आलं तर सस्पेक्ट. आणि नुसतं काही विचारायचं असेल, तर सरळ 'क्वेश्चन' लिहा. 'आय हॅव अ डाउट' आपल्याकडे मस्त चालतं. परदेशी साहेबाला मात्र वाटू शकतं, की तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वासच नाही.

तरी गडबड होतेय? मग दोघांची खानदानं बघा. डाउट आला लॅटिन 'डुबिटारे'वरून. त्याच्या पोटात 'दोन' आहे, आपल्या 'द्विधा'सारखा. स्पेलिंगमधला मुका 'बी' ही त्याचीच खूण. सस्पेक्टच्या मुळाशी आहे 'खालून वर बघणं'. मान खाली, नजर तिरकी, वहीम पक्का!

सो, पुढच्या वेळी क्लायंट कटायच्या बेतात दिसला, तर बिनधास्त 'सस्पेक्ट' लिहा. आणि मेल सेंड केल्यावर बॉसला एक फोनही करा.