पाऊस सरला, आतां शेतवाटेकडे पहा

भाद्रपद सरून आश्विन लागला कीं पालघर तालुक्यांतील शेतकरी आकाशाचा रंग पाहून हळव्या भाताच्या कापणीचा दिवस धरतो. कोयत्यांस धार लागते, खळें सारवलें जातें, मजुरांशीं बोलणीं होतात. परंतु ज्या वाटेनें तें भात घरीं यावयाचें, त्या वाटेकडे पहिला भारा चिखलांत पडेपर्यंत कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. या उपेक्षित विषयासंबंधीं आमच्या शेतकरी बंधूंस चार शब्द सांगावे, असें आम्हांस वाटतें.

थंड देशांत हिवाळ्याचें बर्फ वितळतांच घरधनी आपल्या दारापुढील वाट झाडून, भेगा बुजवून नीट करतो. तेथें वाट फोडतें तें गोठलेलें पाणी. येथें फोडतें तें वाहतें पाणी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आमच्या भागावर सुमारें दोन हजार मिलिमीटर, व पुष्कळ वर्षीं त्याहूनहि अधिक, पाऊस कोसळतो. तेव्हां वाटेच्या दुरुस्तीपुरता आमचा वसंत आश्विनांतच येतो, हें ध्यानांत ठेवावें.

वाट बिघडते ती गाडीच्या भारानें, असा सामान्य समज आहे. तो अर्धाच खरा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थानें रस्तेबांधणीचें जें शास्त्र सांगितलें, त्याचें सार असें कीं, भार सोसते ती रस्त्याखालची मूळ जमीन, व ती कोरडी राहिली तरच सोसते. आमच्या शेतवाटा पाहाव्या तर दोहों बाजूंच्या खाचरांहून खोल गेलेल्या. त्यांतच शेजारचा खातेदार बांध फोडून जास्तीचें पाणी वाटेवर सोडतो. मग चार महिने ती वाट नसून ओहोळच असतो. आश्विनांत तींत ट्रॅक्टर घातला म्हणजे चाकोऱ्या पडतात, चाकोऱ्यांत पाणी साचतें व पुढील वर्षीं त्याच जागीं गुडघाभर खड्डा होतो.

यास्तव दुरुस्तीचा क्रम उलटा असूं नये. आधीं पाणी, मग मुरूम. आम्ही अनेक ठिकाणीं पाहिलें आहे कीं, गांवकरी वर्गणी काढून दहा-बारा खेपा मुरूम चिखलावरच ओततात व आषाढांत तो सर्व खालच्या शेतांत वाहून गेलेला पाहून कपाळास हात लावतात. पाऊस उघडतांच प्रथम वाटेवरील गवत, झुडपें व गाळ काढावा. दोहों कडांस चर खणून त्यांचें तोंड नाल्यास मिळवावें. मोरीच्या नळांत अडकलेला काडीकचरा उपसावा. वाटेचा मध्य कडांहून उंच राहील असा उतार द्यावा. तीन मीटर रुंदीच्या वाटेस मध्यभागीं सहा-सात सेंटिमीटर उंची पुरे. खड्ड्यांतील चिखल पूर्ण काढून, तळाशीं दगड बसवून, वर मुरमाचे पातळ थर द्यावे व प्रत्येक थर धुमसानें किंवा रुळानें दाबावा. मुरूम मुठींत आवळला असतां गोळा व्हावा, पण पाणी सुटूं नये. एवढी ओल दाबण्यास योग्य. ही ओल आश्विन-कार्तिकांत जमिनींत फुकट मिळते. माघांत टँकरनें विकत घ्यावी लागते.

यावर कोणी म्हणेल कीं, कापणीच्या ऐन घाईंत माणसें आणावीं कोठून? आक्षेप योग्य आहे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळें शेतीस मजूर मिळणें किती कठीण झालें आहे, हें आम्ही जाणतों. म्हणूनच कामाचे तीन भाग करावे. कापणीपूर्वीं एक दिवस केवळ पाणी काढण्यास व वाट मोकळी करण्यास द्यावा. मळणी उरकल्यावर मुरमाचें काम करावें. वैशाखांत पुन्हां एक दिवस चर व मोऱ्या साफ कराव्या. वर्षाचे हे मोजके दिवस ज्यांस जड वाटतात, त्यांनीं केळवे-माहीमच्या वाडीवाल्यास विचारावें. केळीचा घड किंवा पानांची करंडी वेळेवर स्टेशनास न पोंचली तर भाव कोणासाठीं थांबत नाहीं.

दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक स्पष्टपणें सांगितली पाहिजे. वाटेंत भर घालण्यासाठीं फुकट माल मिळतो म्हणून औद्योगिक क्षेत्रांतून येणारी राख, वाळलेला गाळ किंवा कसलाहि रंगीत कचरा कोणीहि उतरवून घेऊं नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मोजणींत तारापूर औद्योगिक क्षेत्रास ९३.६९ गुण, म्हणजे देशांत सर्वांत अधिक, मिळाले होते. अशा भागांत फुकटची भर ही भर नव्हे. पावसाचें पाणी तींतील विष विहिरींत व खाचरांत नेईल, आणि तें काढण्याचा खर्च मुरमाच्या शंभर खेपांहून अधिक होईल. घातक कचऱ्याची विल्हेवाट अधिकृत ठिकाणींच लावावी, असा २०१६ सालच्या नियमांचा दंडक आहे. रात्रीं येणारा डंपर गांवानेंच परत फिरवावा.

तिसरा रोग नांगराचा. दर वर्षीं एकेक तास वाटेंत सरकवून गाडीवाटेची पाऊलवाट करणारे खातेदार प्रत्येक गांवीं आहेत. गांवनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनें व पाऊलवाट एकेरी तुटक रेषेनें दाखविलेली असते. गाडीवाटेची रुंदी सामान्यतः १६.५ ते २१ फूट धरतात. तलाठ्याकडे जाऊन नकाशा प्रथम पाहावा. निम्मे तंटे तेथेंच मिटतात. न मिटल्यास, वहिवाटीची वाट अडविल्याबद्दल १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वयें तहसीलदाराकडे दाद मागतां येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज केला पाहिजे. पेरणीस अडविलेली वाट होळीपर्यंत सोसणाऱ्याचा हा हक्क निसटतो. बांधावरून वाट मिळण्यासाठीं १९६६ च्या जमीन महसूल संहितेचें कलम १४३ आहे. तथापि कायदा वाट मोकळी करील. ती कोरडी ठेवणार नाहीं. तें काम आपलेंच.

शेवटीं वाटणीचा प्रश्न. रस्त्यालगतचा खातेदार म्हणतो, "मी दहा पावलें चालतों, मी वर्गणी कां द्यावी?" आमचें मत असें कीं, मुरमाची वर्गणी ज्यानें त्यानें वापरलेल्या लांबीप्रमाणें द्यावी, टोंकाच्या शेतकऱ्यावर अधिक भार पडला तर तो न्यायच आहे. परंतु पाण्याचा हिशेब निराळा. आपल्या शेतासमोरचा चर ज्यानें त्यानेंच राखावा व खाचराचें पाणी वाटेवर न सोडतां चरांत सोडावें. दहा पावलें चालणाऱ्याच्या एका फोडलेल्या बांधानें शंभर जणांची वाट वाहून जाते, हें तो विसरतो.

शेतवाटेवरून केवळ भात जात नाहीं. पाड्यावरील आजारी माणूस, बाळंतीण व शाळेचें मूल हीं त्याच चिखलांतून जातात. सरकारनें २०२१ सालीं पाणंद रस्त्यांसाठीं योजना काढली, ती चांगलीच. पण सरकारी खडी पडेपर्यंत हातांवर हात ठेवून बसणारें गांव खडी पडल्यावर चरहि साफ करणार नाहीं. या आश्विनांत कोयत्यास धार लावण्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें फावडें घेऊन आपल्या वाटेवर एक फेरी मारावी व पाणी कोठें थांबलें आहे तें पाहावें. दुरुस्तीचा आरंभ तेथूनच होतो.