वाट करून देणारे

अमेरिकी फुटबॉलच्या २०२४ च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सचा सेक्वॉन बार्कली चेंडू काखेत मारून तब्बल २,००५ यार्ड धावला. असोसिएटेड प्रेसने निवडलेल्या पन्नास पत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरवले, ते योग्यच झाले. सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताब मात्र बफेलोच्या जॉश ॲलनला मिळाला. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू आहे, आणि २०१३ पासून हा किताब क्वार्टरबॅकखेरीज कोणाकडे गेलेलाच नाही. त्यामुळे 'सर्वोत्तम आक्रमक' हे बाकीच्यांची समजूत काढण्याचे बक्षीस होऊन बसले आहे. २०१९ पासून २०२४ पर्यंतच्या सहाही हंगामांत ते धावणाऱ्याने नाहीतर झेलणाऱ्याने नेले.

बाकीचे म्हणजे तरी सगळे बाकीचे नव्हेत. आक्रमणाला अकरा जण उतरतात. त्यांतले पाच जण समोरच्या धिप्पाड गड्यांना रेटून वाट मोकळी करतात, तेव्हा कुठे बार्कलीला धावायला जागा मिळते. या पाच जागांवर खेळणाऱ्या एकालाही १९७२ पासून 'सर्वोत्तम आक्रमक'चा मान मिळालेला नाही. मिळणार कसा? आकडेवारीत यार्ड, झेल, टचडाउन यांचे रकाने असतात. अडवून धरलेल्या माणसांचा रकाना नसतो. यांचा क्रमांक मैदानभर ऐकू येतो तो बहुधा पंच ध्वनिक्षेपकावरून 'होल्डिंग', म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचा गुन्हा, पुकारतो तेव्हा, आणि सोबत दहा यार्डांचा दंड. १९७३ मध्ये पहिल्यांदा दोन हजार यार्ड ओलांडणारा ओ. जे. सिम्पसन पत्रकारांसमोर आला तो आपल्या या साथीदारांना बरोबर घेऊन. विक्रम अर्थातच सिम्पसनच्या नावावर लागला.

आता लीगला उपरती झाली आणि २०२५ च्या हंगामापासून या मंडळींसाठी 'प्रोटेक्टर ऑफ द इयर' सुरू झाला. म्हणजे मुख्य पंगतीत पाट मांडण्याऐवजी त्यांची पंगतच वेगळी बसवली.

मालकांचा हिशेब मात्र पत्रकारांपेक्षा पक्का निघाला. ईगल्सच्या त्या पाचांत जॉर्डन मायलाटा हा मूळचा ऑस्ट्रेलियातला रग्बीपटू. २०१८ मध्ये संघाने त्याला निवडले, तेव्हा त्याने अमेरिकी फुटबॉलचा एक सामनाही खेळलेला नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये त्याच्याशी तीन वर्षांचा, ६ कोटी ६० लाख डॉलरचा करार झाला. त्याच्या महिनाभर आधी बार्कली आला होता तीन वर्षांसाठी पावणेचार कोटी डॉलरच्या आसपास. पुढे दोन हजार यार्ड झाले, किताब झाला, सुपर बोल हा अंतिम सामनाही जिंकला, आणि मार्च २०२५ मध्ये बार्कलीला वाढीव करार मिळाला: वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर, एवढी रक्कम त्याच्या जागी खेळणाऱ्या कोणालाही तोवर मिळाली नव्हती. मायलाटाला वर्षाकाठी मिळतात २ कोटी २० लाख. बार्कलीचा आकडा वाढीव करारानंतरही तिथवर पोचला नाही.