सर्वांना एकच फेरी कशासाठी?

मधुमेहाचा, रक्तदाबाचा किंवा नुसत्या वाढत्या वजनाचा रुग्ण दवाखान्यात आला की औषधाच्या चिठ्ठीवर शेवटी एक ओळ हमखास लिहिली जाते : ‘रोज चालणे’. गोळीच्या बाबतीत आम्ही डॉक्टर मंडळी एवढ्यावर थांबत नाही. किती मिलिग्रॅमची, दिवसातून कितीदा, जेवणाआधी की नंतर, मूत्रपिंड कमजोर असेल तर अर्धी, असा सगळा हिशेब असतो. चालण्याला मात्र मात्रा नाही. कुठे, किती, चढावर की सपाटीवर, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आणि जिथे जाऊन ठरवायचे ती आपली उद्याने, मैदाने आणि टेकड्या जणू एकाच माणसाच्या मापाने आखलेल्या आहेत. हा माणूस तीस-पस्तिशीचा, पुरुष, गुडघे शाबूत असलेला आणि पायात चांगले बूट असलेला आहे.

पहाटे साडेपाचला छत्रपती संभाजीनगरात एक चक्कर मारून पाहा. विद्यापीठ परिसर, हिमायत बाग, सिद्धार्थ उद्यान, गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल, गोगाबाबाची टेकडी, सगळीकडे माणसे चालताना दिसतात. पाहून मन प्रसन्न होते. पण नीट पाहिले तर रोज येणारे चेहरे तेच ते असतात, आणि ज्यांना चालण्याची सर्वांत जास्त गरज आहे ते त्यात फार थोडे. साठीच्या पुढच्या बायका, हृदयविकाराचा एक झटका पचवलेले, शंभर किलोच्या घरातले, तळपाय बधिर झालेले मधुमेही. ही मंडळी एक जानेवारीला येतात आणि संक्रांतीपर्यंत गळतात.

गळतीचे कारण विचारले की आळस हे उत्तर तयार असते. मला ते पटत नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंनी मला जे सांगितले ते जास्त खरे आहे. त्या म्हणाल्या, “फेरी सुरू केली की मध्ये बसायला जागा नाही. दम लागला तर परत फिरायचे म्हटले तरी तेवढेच अंतर. यांचे आपले पुढे चाललेले असते. मग वाटते, घरात केर-पोछा केला तेवढे पुरे.” या बाईंना आळशी म्हणण्याची माझी तरी छाती नाही. त्यांना व्यायाम नको होता असे नाही. त्यांच्या ताकदीची फेरी तिथे नव्हती. (नवरा शंभर फूट पुढे आणि बायको मागे, हे आपल्याकडच्या जोडप्यांचे चालणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

या प्रश्नाचे एक छान उत्तर मला एका परदेशी खेळात सापडले. त्याचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फ म्हटले की हिरवळी आणि श्रीमंत क्लब डोळ्यांसमोर येतात. हा खेळ तसा नाही. चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी असते, खड्ड्याऐवजी लोखंडी खांबावर साखळ्या लटकवलेली टोपली असते. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. अशा नऊ किंवा अठरा टोपल्या झाडाझुडपांतून मांडलेल्या असतात. म्हणजे खेळता खेळता दोन-तीन किलोमीटर चालणे सहज होऊन जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ मध्ये एड हेड्रिक याने अशी पहिली कायमची आखणी केली. (हा गृहस्थ २००२ मध्ये वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थींची राख मिसळून तबकड्या बनवल्या. हौसेला मोल नाही!) पुढे हा खेळ बहुतेक सार्वजनिक बागांतच वाढला.

आपल्या कामाची गोष्ट त्याच्या आखणीत आहे. चांगल्या मैदानात प्रत्येक टोपलीसाठी फेकीच्या जागा एकाहून अधिक असतात, आणि त्या रंगांनी ओळखल्या जातात. नवख्यासाठी लाल, त्याहून थोड्या सरावाच्या माणसासाठी पांढरी, पुढे निळी, आणि पट्टीच्या खेळाडूसाठी सोनेरी. लाल जागा टोपलीच्या जवळ, सोनेरी सर्वांत लांब. टोपली मात्र सर्वांना एकच! आजोबा लाल खुणेवरून फेकतात, नातू निळ्यावरून, आणि दोघे एकाच टोपलीपाशी भेटतात. एखादे जुने मैदान फार लांब आणि अवघड असल्यामुळे नवी माणसे येईनाशी झाली, तर टोपल्या उपटाव्या लागत नाहीत. जवळची एक जागा सपाट करून तिथे नवी खूण केली की काम झाले. पट्टीच्या खेळाडूंचेही त्यात काही जात नाही. त्यांची लांबची खूण जिथल्या तिथे असते.

आता आपल्या बागेत ही टोपली कोणती? मी सांगतो : तो कट्टा. प्रत्येक बागेत, प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी एक जागा असते जिथे फेऱ्या संपवून मंडळी बसतात, राजकारणावर बोलतात, कुणाच्या मुलीचे लग्न ठरले ते कळते. पुष्कळ लोक फेरीसाठी येत नाहीत, या कट्ट्यासाठी येतात. यात वावगे काही नाही. पाच फेऱ्यावाल्याने लांबून सुरुवात करावी, अर्ध्या फेरीवाल्याने जवळून, आणि दोघांनी साडेसहाला कट्ट्यावर यावे. ज्याला आपल्यामुळे सगळे खोळंबले असे रोज वाटते तो महिनाभरात येणे सोडतो. त्याच्या सुरुवातीची जागा बदलली तर तो टिकतो.

ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. जत्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. आरंभी पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रुपयांच्या, आणि शेवटी मानाची. मैदान तेच, माती तीच. पहिल्याच दिवशी पोराला नामांकित पैलवानासमोर उभे करणारा वस्ताद कुणी पाहिला आहे का? तालमीतही जोर-बैठकांचा आकडा पोराचे वय आणि अंग पाहूनच सांगितला जातो. किंवा आपला देवगिरीचा किल्ला घ्या. एखादे कुटुंब सहलीला गेले की आजी चांदमिनारापाशी बसते, मधल्या वयाचे लोक चिनी महाल, मेंढा तोफ आणि खंदकापर्यंत जातात, आणि तरुण पोरे अंधारी पार करून बारादरी गाठतात. चांदमिनारापाशी बसलेल्या आजीला ‘तुम्ही किल्ला पाहिलाच नाही’ असे कुणी म्हणत नाही.

वैद्यकशास्त्रात तर याला जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. म्युनिकच्या मॅक्स योसेफ ओर्टेल नावाच्या डॉक्टरने १८८० च्या दशकात, हृदयरोग्याला अंथरुणात पडून ठेवण्याचा रिवाज असताना, त्याला बेताबेताने चढ चढवण्याचा उपचार मांडला. डोंगराळ आरोग्यस्थानांतील वाटांची चढाप्रमाणे प्रतवारी करायची, त्यावर खुणा करायच्या, आणि कोणत्या रुग्णाने कोणती वाट किती चालायची हे डॉक्टरने सांगायचे, अशी त्याची पद्धत होती. त्याची सगळीच मते आज कुणी मानत नाही. पाणी फार कमी प्यायला लावण्याचा त्याचा आग्रह तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुणी चुकूनही पाळू नये. परंतु वाटेलाच औषधासारखी मात्रा लावण्याची त्याची कल्पना पक्की होती.

तेव्हा आपल्याकडे काय करता येईल? बागेपुरते बोलायचे तर पहिले काम मोजणीचे. फेरी किती मीटरची हे रोज चालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असते. दर शंभर मीटरवर आकडा रंगवला की ‘आज चारशे, पुढच्या आठवड्यात पाचशे’ असे सांगता येते, आणि चिठ्ठीवर लिहिताही येते. दुसरे, मोठ्या फेरीच्या आत दोन-अडीचशे मीटरची एक लहान फेरी हवी, सपाट, आणि तिच्यावर नजरेच्या टप्प्यात सतत एक तरी बाक. ज्याला बाक दिसतो तो बाकापर्यंत चालतो. तिसरे, पायाखालची जमीन. पेव्हर ब्लॉक दिसायला नेटके, पण एखादा खचला किंवा वर आला की म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथेच अडकतो. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर पुढचे काय होते ते घराघरांना माहीत आहे. लहान फेरीपुरती तरी दाबलेल्या मुरमाची वाट ठेवावी. दिवे आणि स्वच्छतागृह हीदेखील आखणीचीच बाब आहे. त्यांच्या अभावी कितीतरी बायका उजाडेपर्यंत थांबतात आणि मग घरच्या कामात त्यांची वेळ निघून जाते.

टेकडीचे गणित निराळे आहे. चढताना छातीची परीक्षा होते आणि उतरताना गुडघ्यांची. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, म्हणून गुडघेदुखीवाल्याला चढण्यापेक्षा उतरणे नकोसे होते. गोगाबाबासारख्या टेकडीवर शिखर हे एकच मुक्काम मानले की निम्मे शहर पायथ्याशीच बाद होते. वाटेत दोन ठिकाणी बसण्याजोगे सपाट ओटे करून त्यांना रंग द्यावा : लाल ओटा, पांढरा ओटा, आणि वर शिखर. लाल ओट्यापर्यंत जाऊन आलेला माणूसही टेकडीवर जाऊन आलेलाच. उतरण्यासाठी शक्य तिथे वळसे घेत जाणारी मंद वाट हवी. सूर्योदय पाहायला उंची लागते हे खरे, पण पहिल्या ओट्यावरूनही तो उगवतोच.

बागांतून बसवलेल्या खुल्या व्यायामशाळांबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. त्यातल्या बहुतेक यंत्रांना वजन कमी-जास्त करण्याची सोय नाही. माणसाचे स्वतःचे वजन हाच भार. म्हणजे जो सर्वांत जड आणि सर्वांत दुबळा, त्याच्याच वाट्याला सर्वांत जास्त ओझे! लोंबत्या पायट्यांवर उभे राहून झोके घेण्याचे यंत्र तोल गेलेल्या ज्येष्ठाने टाळलेलेच बरे. त्याऐवजी कमरेएवढ्या उंचीचा एक साधा कठडा, ज्याला धरून एका पायावर उभे राहता येईल, हा शतपटीने उपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहेच, पण पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायामही सांगितला आहे. कठडा त्यासाठी.

एक धोका मात्र ओळखून असावे. ‘अशक्तांसाठी’ किंवा ‘ज्येष्ठांसाठी’ अशी पाटी लावली की त्या वाटेवर कुणी पाऊल ठेवणार नाही. आपला माणूस गुडघा धरून मोठी फेरी मारील, पण अशक्तांच्या रांगेत दिसणार नाही. म्हणून नुसते रंग ठेवावेत. आज लाल, चार महिन्यांनी पांढरा, आजारातून उठल्यावर पुन्हा लाल, अशी ये-जा मोकळी राहते.

आकड्यांचा धाकही थोडा कमी व्हायला हवा. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षांच्या सुमारे सोळा हजार सातशे स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे हा फरक वाढत गेला नाही. म्हणजे पहिल्या दोन हजार जादा पावलांनाच मोठी किंमत आहे, आणि नेमकी तीच पावले आपल्या आखणीत बसत नाहीत.

आपला रंग कोणता हे कसे ओळखावे? चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही गती बरोबर. वाक्य तुटू लागले तर आपण वरच्या रंगावर आहोत. दुसरी परीक्षा घरी करा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून, हात छातीशी घडी करून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येते ते मोजा, जवळ कुणीतरी उभे असू द्या. पासष्ट ते एकोणसत्तर वयात पुरुषांना बारापेक्षा आणि स्त्रियांना अकरापेक्षा कमी जमले तर पायांची ताकद कमी आहे असे समजून लाल खुणेपासून सुरुवात करावी. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, घेरी, नेहमीपेक्षा वेगळा दम असे काही झाले तर रंग कोणताही असो, जागीच बसावे आणि १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी लांबची फेरी घेऊ नये, खिशात खडीसाखर असू द्यावी. तळपाय बधिर असतील तर चपलेवर चालू नये.

खर्चाचे म्हणाल तर यातले मोजणीचे आणि खुणांचे काम रोज चालणाऱ्या दहा जणांनी, उद्यान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घेऊन, एका रविवारी सकाळी उरकण्याजोगे आहे. लांब फीत, दोन ब्रश आणि तीन रंगांचे डबे लागतील. चुना वापरू नये, तो पहिल्या पावसात जातो. रस्त्यावरचे पट्टे मारतात तो रंग आणावा.