कुंडी रिकामी नाहीये हो, झोपलीय!

थंडी पडली की आमच्या घरात दर वर्षी एका कुंडीवरून दोन पक्ष पडतात. कुंडी मे फ्लॉवरची. तोच तो लाल चेंडू, मे महिन्यात एकदाच फुलणारा. कार्तिक सरता सरता त्याची पानं पिवळी पडतात, मार्गशीर्षात लोळतात आणि मग उरते नुसती माती.

पहिला पक्ष म्हणतो, "मेलं ते. कुंडी मोकळी करा, तुळस लावू." दुसरा पक्ष मायाळू. "येईल हो फुटून" म्हणत रोज तांब्याभर पाणी ओततो. माझं भांडण दोघांशीही आहे, पण खरं सांगू का, दुसऱ्याशी जास्त! पहिल्या पक्षाच्या हातून कंद निदान उकिरड्यावर जातो, तिथे एखादे वेळी रुजेलही. मायाळू पक्ष त्याला जागच्या जागी कुजवतो. पानंच नाहीत तर कंद पाणी ओढणार कशाला? माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, कंद बुडातून मऊ पडतो. मग मे महिन्यात "एवढं पाणी घातलं तरी नाही आलं" असा सुस्कारा. अहो, घातलं म्हणूनच नाही आलं!

आणि हे कुठे, तर नांदगावात. जिथे पोरासोरांनाही कांदा कळतो. उन्हाळ कांद्याच्या माना पडल्या की शेतात आणखी पाणी कोण सोडतं? काढणीच्या आधी पाणी तोडतात, पात वाळू देतात आणि मग माल चाळीत टाकतात. खालून-वरून वारा खेळता ठेवतात, कारण ओल लागली की कांदा सडतो. चाळीतल्या कांद्याला कोणी मेलेला म्हणत नाही. त्यातलाच निवडक कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात बियाण्यासाठी लावला की त्याला डोंगळे येतात आणि वर पांढरा गोल गेंद फुलतो. २००९ च्या वर्गीकरणापासून तर वनस्पतिशास्त्रज्ञ कांदा आणि मे फ्लॉवर एकाच कुळात धरतात. भाऊबंदच की! (खायला मात्र जाऊ नका. मे फ्लॉवरचा कंद विषारी असतो. लहान मुलं आणि मांजरं सांभाळा.)

मग शेतात जे शहाणपण आहे ते गॅलरीत कुठे जातं? मला वाटतं, कांद्याचे पैसे येतात म्हणून त्याच्या झोपेला मान आहे. फुलझाडाने मात्र बारा महिने हजेरी लावायची. एका नर्सरीवाल्याने मला तोंडावर सांगितलं, "दर वर्षी नवीन घ्या ना, सांभाळत कशाला बसता?" त्याचं ठीक आहे, त्याचा धंदा आहे. पण आमचा कंद चाळीसगावच्या आत्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेला. तो कुठल्या दुकानात मिळणार?

परदेशी व्हिडिओंमधले सल्लेही जरा बेताने घ्या. तिथे कुंडी घरात आणतात ती बर्फापासून वाचवायला. आपल्याकडे वाचवायची आहे ती तांब्यापासून.

करायचं ते फार थोडं आहे. पानं हिरवी असेतो, म्हणजे पावसाळाभर, शेणखत घाला, कारण पुढच्या फुलाची शिदोरी तेव्हाच भरली जाते. पिवळी पडू लागली की पाणी कमी करा, वाळली की बंद. हिरवं पान मात्र "घाण दिसतं" म्हणून कापू नका. कुंडी आडोशाला ठेवा. शंका आली तर माती थोडी उकरून कंद दाबून बघा, टणक लागला की परत झाका. दर वर्षी उपटून कुंडी बदलू नका, त्याला ते आवडत नाही. वैशाखात टोक दिसलं की थोडं थोडं पाणी सुरू.

तेव्हा पुण्याच्या मावशी, तुझ्याकडे गेलेलं पिल्लू आत्ता जिन्याखाली सरकव आणि कुंडीवर खडूने "पाणी नको" असं लिही. कामवाल्या ताईंनाही सांग. मे महिन्यात फोटोची वाट बघतोय.